मूळचे कुठले?

देवळाली कॅम्पात नव्यानं राहायला येणाऱ्या माणसाला दोन गोष्टींशी जुळवून घ्यावं लागतं. एक तोफांचे आवाज आणि दुसरा 'मूळचे कुठले?' हा प्रश्न. तोफांची सवय महिन्याभरात होते. प्रश्नाची व्हायला मला पुष्कळ वेळ लागला, कारण तो विचारणाराही सहसा मूळचा दुसरीकडचाच असायचा.

मी 2015 च्या उन्हाळ्यात इथं पोस्टात लागले. पद पोस्टल असिस्टंटचं, म्हणजे काउंटरवर बसणारी. घर बागलाणात, सटाण्याच्या पुढं. घरात बोलायची अहिराणी, शेतात कांदा आणि डाळिंब. वडोदऱ्याच्या पोस्टल ट्रेनिंग सेंटरमधलं प्रशिक्षण आटोपून नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा आईला केवढं हायसं वाटलं होतं. पोरगी नाशिक जिल्ह्यातच राहिली, म्हणजे अंगणातच राहिली! मलाही तसंच वाटलं. पण नाशिक रोडला बिटको चौकातून शेअर रिक्षात बसले, विहितगाव मागं पडलं आणि लाम रोड सुरू झाला. दोन्ही बाजूंना जुनी डेरेदार झाडं, झाडांमागं उतरत्या कौलांचे बंगले, फाटकांवर गुजराती अक्षरं. थोडं पुढं गेल्यावर इंग्रजी पाट्या, आणि मग लष्करी हद्दीची लाल अक्षरं. शेजारच्या बाईंना मी दोनदा विचारलं, ही रिक्षा कॅम्पलाच जाते ना?

काउंटरवर बसायला लागले त्याच आठवड्यात एका सकाळी खिडकीची तावदानं थरथरली. पाठोपाठ दुसरा आवाज, मग तिसरा. मी खुर्चीतून अर्धी उठले. शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी मान वर न करता सांगितलं, "रेंजवर फायरिंग आहे. तू पाकिटाचं वजन कर."

देवळालीला भारतीय लष्कराचं तोफखाना स्कूल आहे. देशभरातल्या पलटणींतले अधिकारी, सुभेदार, हवालदार तोफ चालवायला आणि नेम धरायला इथं शिकायला येतात. दरवर्षी 'तोपची' नावाचं मोठं प्रात्यक्षिक होतं. नोव्हेंबर 2018 मध्ये के-9 वज्र आणि एम-777 या तोफा सैन्यात दाखल झाल्या त्या इथंच. कॅम्पातली जुनी माणसं चहा ओतता ओतता, आवाजावरून आज कुठली तोफ चालली आहे याचा अंदाज सांगतात. तो बरोबर असतो की नाही, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मी मात्र हळूहळू एक शिकले. शिक्का मारायच्या क्षणी आवाज झाला तर हात हलतो, तारीख फाटते. म्हणून एक आवाज झाला की दुसऱ्याची वाट बघायची आणि मग शिक्का उचलायचा.

नोकरीपेक्षा खोली मिळवणं अवघड गेलं. कॅम्प म्हणजे सगळ्या जातिधर्मांची वस्ती, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. गुरुद्वारा, अग्यारी, चर्च, मशीद, जैन मंदिरं, टेकडीवरचा खंडोबा, सगळं पायी फिरून एका दिवसात बघून होईल एवढ्या अंतरात आहे. पण देवळं शेजारी शेजारी असली म्हणून घरमालक सैल असतात असं नाही. एका ठिकाणी आडनाव ऐकल्यावर खोली नुकतीच गेल्याचं कळलं. दुसऱ्या ठिकाणी मी काय खाते, याची चौकशी माझ्या पगाराच्या आधी झाली. तिसऱ्या घरी 'मूळच्या कुठल्या?' याचं उत्तर दिलं तर 'म्हणजे कोण?' असा पुढचा प्रश्न तयार होता. मिश्र वस्तीत माणसं एकमेकांच्या इतकी जवळ राहतात की कोण कोण आहे ते त्यांना जास्तच नीट ठाऊक असतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

शेवटी हौसन रोडच्या मागं एका सिंधी बाईंच्या घरी वरची खोली मिळाली. त्या विधवा होत्या, मुलं उल्हासनगरला व्यापारात. सगळे त्यांना अम्मा म्हणत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "नौकरी पक्की है?" आणि "रात को लाइट बंद करके सोती है ना?" बिल त्या भरत असत.

अम्मांच्या घरी माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा झाल्या. पहिल्यांदा एकटीनं कुलूप लावून बाहेर पडले. पहिल्या पगारातून स्वतःसाठी पंखा घेतला. रविवारी सकाळी दाल पकवान खाल्लं. चैत्रात चेटीचंडच्या मिरवणुकीत झुलेलालची पालखी बघायला त्यांच्याबरोबर गेले. मी गावाहून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला तर अम्मांनी एक घास खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरा घास मागितला. हे सांगायला गोड वाटतं, पण आमची भांडणंही तेवढीच होत. पाणी भरण्यावरून होत, आणि मी दार ढकलून येते की वाजवून, यावरून होत. कॅम्पातलं शेजारपण सणांपेक्षा या भांडणांतून जास्त कळतं, कारण सणाला माणूस पाहुण्यासारखा वागतो.

ऑफिसात मला घडवलं ते एका जुन्या पोस्टमननं. सगळे त्यांना मामा म्हणत. राहायला भगूरला, सावरकरांच्या जन्मगावी, आणि पायाखाली सगळा कॅम्प. आपल्याकडं पत्ता म्हणजे घर नंबर, गल्ली, पेठ. इथं अर्ध्या पत्त्यांत नुसतं बंगल्याचं नाव आणि 'लाम रोड'. बंगला विकला गेलेला, नाव बदललेलं, पण मुंबईहून येणाऱ्या पत्रावर जुनंच नाव. काही पत्ते सॅनेटोरियमचे. देवळालीची हवा कोरडी, म्हणून क्षयावर औषध नव्हतं त्या काळात मुंबईच्या पारशी, गुजराती, कच्छी, जैन, बोहरी समाजांनी आपापल्या माणसांसाठी इथं आरोग्यधामं बांधली. क्षयावर औषध आलं, पण जागा राहिल्या. आता तिथं उन्हाळ्यात मुंबईची कुटुंबं हवापालटाला येतात. मग एप्रिल-मे महिन्यांत त्यांची पत्रं यायला लागतात, आणि पाऊस पडला की त्याच पत्त्यांवरची पत्रं परत जायला लागतात.

परत जाणाऱ्या पत्रावर पोस्टमनला शेरा लिहावा लागतो. 'दार बंद', 'घेण्यास नकार', 'अपुरा पत्ता', 'मयत'. मामांच्या हातून सगळ्यात जास्त लिहिला जाणारा शेरा होता 'लेफ्ट', म्हणजे माणूस इथून निघून गेला. लष्करी कुटुंबं दोन-तीन वर्षांत बदलीवर जात, कोर्ससाठी आलेले काही महिन्यांतच. एकदा त्या दिवशीचे 'लेफ्ट'वाले लिफाफे बांधताना मी म्हटलं, "मामा, या गावात टिकतं कोण?"

"टिकायला हे गाव बांधलेलंच नाय," मामा म्हणाले. "थांबायला बांधलंय."

ते खरंच आहे. 1860 च्या दशकात इंग्रजांनी इथं छावणी वसवली ती येणाऱ्या-जाणाऱ्या पलटणींच्या मुक्कामासाठी. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई इथं थांबून पुढं जात. मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट बघत इथंच पडून राहत. जहाजं हिवाळ्यातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो महिनोन्महिने अडकायचा. काम नाही, गाव ओळखीचं नाही, वरून ऊन. त्या वाट बघण्यानं डोकं फिरलेल्या शिपायांमुळं देवळालीचं नाव इंग्रजी बोलीत वेडसरपणासाठी रूढ झालं. दुसऱ्या महायुद्धात इथं काही काळ जर्मन कैदी ठेवले होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीत आसरा मिळाला. त्याच्याही आधी पेशावरचे एक फळांचे व्यापारी इथं बागा घेऊन राहिले होते. त्यांचा युसूफ नावाचा मुलगा 1925 मध्ये सुरू झालेल्या इथल्या बार्न्स स्कूलमध्ये शिकला आणि पुढं दिलीप कुमार झाला. कुणी जहाजासाठी थांबलं, कुणी खोकला बरा होईस्तोवर, कुणी सरकार घर देईस्तोवर. त्यांतले जे गेलेच नाहीत ते कॅम्पवाले झाले. त्या सगळ्यांच्या आधीपासून इथं होती ती भोवतालच्या संसरी, नानेगाव, लहवित, बेलतगव्हाणची माणसं. बंगल्यांची झाडलोट, दूध, भाजी, टांगे, सगळं त्यांच्या जिवावर चालत आलं, आणि 'मूळचे कुठले?' असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

काउंटरवर मला सगळ्यात आधी अडवलं ते माणसांच्या नावांनी. जानेवारी 2015 मध्ये सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली होती. दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावानं खातं उघडायचं. लष्करी कुटुंबांतल्या बायकांना ही योजना फार सोयीची वाटली, कारण नवऱ्याची बदली झाली की खातंही देशात कुठंही बदलून नेता येतं. थोरल्या मुलीचा जन्मदाखला एका राज्याचा आणि धाकटीचा दुसऱ्याच राज्याचा घेऊन त्या यायच्या. एकाच घरात एक पोर राजस्थानात जन्मलेली, एक आसामात, आणि आईबाप उत्तराखंडचे. फॉर्मवर रकाने तीनच. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव.

आपल्याला हे तीन रकाने आकाशातून पडल्यासारखे वाटतात. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, झालं. पण तमिळ बाई सांगायची, आडनाव नाही, फक्त बापाच्या नावाचं आद्याक्षर आहे, आणि ते नावाच्या आधी लागतं. पंजाबी मुलीच्या नावात 'कौर', ते मधलं की शेवटचं? नेपाळी हवालदाराच्या घरी थापा हे आडनाव दोघांनाही, पण बायकोच्या आधारकार्डावर भलतंच काही. ओडिशाची एक बाई म्हणाली, "लग्नानंतर आमच्यात नाव बदललं नाही तर तुम्ही का बदलायला लावता?" तिला मी काय उत्तर देणार? आमच्याकडं तर लग्नानंतर बाईचं पहिलं नावसुद्धा बदलायची रीत होती. रकाने सरकारचे होते, ते मोडता येत नव्हते. पण कुठल्या रकान्यात काय बसवायचं हे मी परस्पर ठरवणं सोडलं. "तुमच्या कागदावर कसं आहे? पुढंही तसंच हवं ना?" असं विचारून मगच पेन टेकवायला लागले. ताईंनी त्यावर हसून, "एका फॉर्मला इतका वेळ?" असं म्हटलंही. पण खातं दुसऱ्या राज्यात गेल्यावर नावावरून ते अडलं तर पोरीच्या आईला किती खेटे पडतील, हे त्यांनाही ठाऊक होतं.

नाव विचारणं वेगळं आणि नातं विचारणं वेगळं. हा धडा लाम रोडवरच्या एका पारशी बाईंनी दिला. वय ऐंशीच्या पुढं. फ्रॉक, काठी, आणि पिशवीत सगळी पासबुकं रबर लावून. मासिक उत्पन्न योजनेच्या खात्यावरचं वारसाचं नाव त्यांना बदलायचं होतं. आधी भाच्याचं होतं, तो परदेशी गेलेला. नवं नाव सांगितलं ते लहवितच्या एका बाईंचं, ठसठशीत मराठी. माझ्या तोंडून निघून गेलं, "या तुमच्या कोण?" उत्सुकता माझीच.

बाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडं पाहिलं. "दीकरी, ही मला जेवण देते. बाकी कोण असते?"

मी मुकाट्यानं नाव लिहिलं. साक्षीदाराची सही हवी होती. रांगेत मागं उभ्या असलेल्या एका हवालदारानं पुढं होऊन ती केली, सलाम केला आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्यानं काही विचारलं नाही.

पण काउंटरची खरी परीक्षा झाली ती नोव्हेंबर 2016 मध्ये. 8 तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि 10 तारखेपासून बँकांप्रमाणे पोस्टातही नोटा बदलून द्यायच्या होत्या. माणशी चार हजार, फॉर्म भरून, ओळखपत्र दाखवून. काही दिवसांनी साडेचार हजार झाले, मग दोनच हजार. मी आयुष्यात एवढी रोकड कधी हाताळली नव्हती, आणि देवळाली कॅम्पातली सगळी माणसं एका रांगेत उभी राहिलेली मामांनीसुद्धा कधी पाहिली नव्हती. एरवी कॅम्पात प्रत्येकाची वाट वेगळी असते. लष्कराची कँटीन वेगळी, दवाखाना वेगळा, बंगलेवाल्यांचा नोकर बाजारात जातो, मालक जात नाहीत. त्या दिवसांत मात्र बंगल्याची मालकीण आणि तिची भांडीवाली एकाच रांगेत होत्या, आणि भांडीवाली पुढं होती.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी वादावादी झाली. भगूरच्या बाजूचा एक तरुण ओरडला, "आधी इथल्यांना द्या. ही बाहेरची माणसं उद्या निघून जातील." त्याचा रोख लष्करी कुटुंबांवर होता. त्यातली एक बाई तान्ह्या पोराला घेऊन उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. तिच्या मागं एक म्हातारे सिंधी गृहस्थ होते. ते म्हणाले, "बेटा, मैं अड़तालीस से यहाँ हूँ. मैं इधर का कि बाहर का?" त्यावर रेंजच्या कडेच्या गावातली एक म्हातारी पदर खोचत पुढं झाली. "आमच्या आज्याची जमीन सरकारनं रेंजला घेतली. इथली म्हणशील तर मग सगळ्यात आधी मीच. सरक!"

रांग हसली. तो तरुण हसला नाही, पुटपुटतच राहिला. त्याचंही पोट त्या चार हजारांवर होतं. कॅम्पातली एकी त्या रांगेत उजळून निघाली असं काही मी म्हणणार नाही. भांडणं पुढंही झाली, रोज झाली. पण मी हातातल्या फॉर्मकडं पाहिलं. नाव, ओळखपत्राचा क्रमांक, नोटांचा तपशील, सही. मूळ गाव कोणतं, असा रकाना त्यावर नव्हता. ज्या प्रश्नावरून बाहेर माणसं हमरीतुमरीवर आली होती, तो माझ्या कामात मुळी येतच नव्हता. मी त्या तरुणाला तेवढंच सांगितलं, "दादा, फॉर्मवर जे विचारलंय तेवढंच मी बघणार." आणि त्या दिवसापासून जे फॉर्मवर नाही ते काउंटरवर विचारायचं नाही, असं ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी आई राहायला आली. संध्याकाळी ओट्यावर बसून येणारे-जाणारे बघत होती. पगडी, डगला, बुरखा, वर्दी. मला हळूच विचारलं, "ह्या समदा कथाना शेतस वं?" अम्मांना अहिराणी येत नव्हती, आईला सिंधी नाही, हिंदी दोघींचीही मोडकी. तरी अम्मांना प्रश्न कळला, कारण कॅम्पात दुसरा कुठला प्रश्न असणार! त्या म्हणाल्या, "हमारे गली के हैं." आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मंग चांगलं शे." नंतर दोघी किती तरी वेळ गुडघेदुखीवर बोलत बसल्या.

पोस्टात एका ऑफिसात चार वर्षं झाली की बदली होते. माझीही झाली. मामांच्या शब्दांत माझ्या नावापुढंही 'लेफ्ट'चा शेरा पडला. आता मी एका तालुक्याच्या गावी आहे. इथं बहुतेक सगळे एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात. देवळालीच्या बातम्या दुरून कळतात. मी तिथं होते तेव्हा तोफखान्यात बाई अधिकारी नव्हती. 29 एप्रिल 2023 ला चेन्नईच्या अकादमीतून पहिल्या पाच जणी तोफखान्यात दाखल झाल्याचं वाचलं, तेव्हा कॅम्पातल्या कुठल्या काउंटरवर त्या पाकीट वजन करायला येतील, असा पहिला विचार मनात आला. छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं सरकारी धोरण आहे, त्या यादीत देवळालीही आहे. म्हणजे कोण कॅम्पचा आणि कोण नाशिकचा, याचा नवा हिशेब तिथं सुरू होईल.

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी एक नवा मुलगा लागला. अखिल भारतीय परीक्षेतून आलेला, बिहारचा, मराठी अक्षरं जुळवून वाचतो. पहिल्या दिवशी काउंटरवर आलेल्या प्रत्येकानं त्याला विचारलं, मूळचा कुठला? दुपारी त्याचा चेहरा उतरला होता. मी त्याला डबा दिला आणि म्हटलं, विचारतील, सहा महिने तरी विचारतील, तू सांगत जा. तुझ्या समोर येणाऱ्याला मात्र तू हे विचारायचं नाहीस. त्याला विचारायचं, पत्ता काय लिहू? माणूस कुठून आला याच्याशी पोस्टाला देणंघेणं नाही, तो आज कुठं सापडेल तेवढंच पोस्टाला हवं असतं.

त्याच संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन खोल्या बघायला गेले. दोन घरांत नकार मिळाला, तिसऱ्या घरी मी अम्मांचे दोन्ही प्रश्न मालकिणीला विचारायला लावले आणि त्यानं दोन्हींची नीट उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी तो पत्ता त्यानं आईला कळवला. आठवड्याभरात तिकडून पार्सल आलं, आणि आमच्या पोस्टमननं गल्लीत हाक मारून ते त्याच्या हातात दिलं. ज्याच्या नावानं गावात टपाल येतं तो त्या गावचा, एवढं आमच्या खात्यापुरतं तरी ठरलेलं आहे.